अर्ध्यातच थांबणारं छत: जुन्या मर्सिडीज एसएलकेतला विद्युत बिघाड कसा शोधावा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. काल छत नीट उघडलं, नीट मिटलं. आज बटण दाबलं तर डिकीचं झाकण वर गेलं आणि तिथेच थांबलं. बटणाशी थोडी झटापट केल्यावर कसंबसं बंद झालं. पुढे आठवडाभर काही त्रास नाही, आणि मग एखाद्या रविवारी नेमकं बाहेर पडताना पुन्हा तेच. गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे छत हवं तितक्या वेळा बिनतक्रार चालतं. शेवटी कुणीतरी सांगतं, "पंप गेलाय, बदलून टाका." मोठी रक्कम मोजून पंप बदलला जातो आणि काही दिवसांनी छत पुन्हा त्याच जागी अडकतं.

मी लिहितोय ते पहिल्या पिढीच्या एसएलकेबद्दल, म्हणजे आर१७० या मॉडेलबद्दल. १९९६ साली तूरिनच्या मोटर शोमध्ये ही गाडी आली आणि २००४ पर्यंत ब्रेमेनच्या कारखान्यात बनत राहिली. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता वीस वर्षांच्या पुढे गेली. इथे इंग्लंडमध्ये जुन्या एसएलके अजून रस्त्यावर दिसतात, किमतीही आवाक्यात असतात, त्यामुळे हौसेने घेणारे घेतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात छतापाशी अडतात. शोधायची पद्धत मात्र बीएमडब्ल्यू, ऑडी, मिनी अशा कुठल्याही विजेवर चालणाऱ्या छताला लागू पडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो. कधी चालतं, कधी अडतं असा बिघाड जवळजवळ नेहमी वायर, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणारी जोडणी), कनेक्टर किंवा छोट्या स्विचमध्ये असतो. जळालेला पंप जळालेलाच राहतो, तो सोमवारी बंद पडून मंगळवारी आपोआप बरा होत नाही. मोटरचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले असतील तर तीही लहरीपणा करते, तेवढा एक अपवाद. पण तो अपवाद सिद्ध करायची साधी चाचणी आहे. ती केल्याशिवाय पंपाचे पैसे कुणाला देऊ नका.

छत नेमकं काय करतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. दाराच्या काचा खाली येतात. डिकीचं झाकण नेहमीसारखं मागून न उघडता पुढच्या बाजूने उचललं जातं, बिजागरी मागे राहते. विंडस्क्रीनच्या चौकटीवरची कडी सुटते. पत्र्याचं छत दुमडत डिकीत जाऊन बसतं आणि झाकण त्याच्यावर मिटतं. हे सगळं सुमारे २५ सेकंदांत. ताकद पुरवतो एक विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप. तो तेल पाठवतो पाच सिलिंडरांना: झाकणाला दोन, छताला दोन आणि पुढच्या कडीला एक.

पण पंप स्वतःहून काही ठरवत नाही. ठरवणारं आहे छताचं कंट्रोल मॉड्यूल, आणि ते प्रत्येक टप्प्यावर खात्री करून घेतं. गाडी उभी आहे का? डिकी नीट बंद आहे का? सामानावरचा पडदा ओढून दोन्ही बाजूंना अडकवलाय का? झाकण पूर्ण वर गेलं का? कडी सुटली का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एखादा छोटा स्विच देतो. अपेक्षित उत्तर आलं नाही की मॉड्यूल पंपाचा पुरवठा तोडतं आणि छत आहे तिथे थांबतं. म्हणजे छत अर्ध्यात थांबलं याचा अर्थ बहुतेक वेळा पंप दमला असा नसतो, तर मॉड्यूलला एक उत्तर मिळालं नाही असा असतो. छत कुठे थांबलं यावरून कुठलं उत्तर अडलं ते कळतं, आणि निम्मा शोध तिथेच संपतो.

हात लावण्याआधी सुरक्षेचं बोलू. छत आणि झाकण दोन्ही जड आहेत, आणि अर्ध्यात थांबलेली गोष्ट फक्त तेलाच्या दाबावर तोलून धरलेली असते. दाब हळूहळू किंवा अचानक उतरू शकतो. झाकणाखाली किंवा छताच्या सांध्यात डोकं घालायचं असेल तर आधी भक्कम लाकडी टेकू लावा. हाताला लागेल तो दांडा चालणार नाही, टेकू मापाने कापलेला आणि न सरकणारा हवा. चाचणी चालू असताना बटणावर एकच माणूस, आणि दुसऱ्याचा हात आत असेल तर पहिल्याने किल्ली काढून खिशात ठेवायची. मुलांना जवळ फिरकू देऊ नका. गॅरेजमध्ये काम करणार असाल तर झाकण किती उंच जातं ते आधी पाहा, इथली जुनी गॅरेजं ठेंगणी असतात. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून चाचणी करू नका, त्यापेक्षा बॅटरी चार्जर जोडा.

आता बॅटरी. हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो टाळतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. छताचा पंप जोरात चालतो तेव्हा तीसेक अँपिअर सहज ओढतो. त्या वेळी कमजोर बॅटरीचा व्होल्टेज इतका खाली जातो की मॉड्यूल काम सोडून देतं. म्हणून मीटर बॅटरीला लावून ठेवा, छत चालवा आणि आकडा पाहत राहा. चालताना तो ११ च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी पाहा, बाकी सगळं नंतर. या गाड्या वर्षातले बरेच महिने नुसत्या उभ्या असतात, त्यामुळे बॅटरी दिसायला नवी असली तरी आतून थकलेली असू शकते.

बॅटरी ठीक निघाली की सामानाचा पडदा पाहा. तो डिकीत ओढून दोन्ही टोकांनी खाचेत अडकवावा लागतो. एक टोक जरी अर्धवट बसलं तरी छत उघडणार नाही. वीस वर्षांत प्लॅस्टिकची टोकं झिजतात, पडदा बसल्यासारखा दिसतो, पण आतला स्विच दाबला जात नाही. पडदा अडकवून बाजूला बोटाने हलकासा रेटा द्या. तेवढ्यावर छत चालू झालं तर बिघाड सापडला. फ्यूजही आत्ताच काढून पाहा. नुसत्या डोळ्यांनी नको, मीटरने. फ्यूजच्या पायांवर काळपट किंवा हिरवट थर असेल तर फ्यूज शाबूत असूनही संपर्क कच्चा असतो.

यानंतर मीटर बाजूला ठेवा आणि कान वापरा. शांत जागी गाडी उभी करा, रेडिओ-पंखा बंद करा, डिकीजवळ कुणाला तरी उभं करा आणि बटण दाबा.

काहीच आवाज नाही, काचाही हलत नाहीत: मॉड्यूल सुरूच झालं नाही. पुरवठा, अर्थ, बटण, किंवा सुरुवातीच्या अटींपैकी एखादी. पडदा आणि डिकीच्या कुलपाचा स्विच हे पहिले संशयित.

रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा) टिक आवाज येतो, पण पंपाचं गुणगुणणं नाही: मॉड्यूलने परवानगी दिली, रिलेने ऐकलं, पण वीज पंपापर्यंत पोचली नाही किंवा पोचून काही उपयोग झाला नाही. इथे पंपाची चाचणी करायची. ती खाली सांगतो.

पंप चालतो, पण आवाज चढतो आणि काही हलत नाही: इथे प्रश्न विजेचा नसून तेलाचा, वाल्वचा किंवा एखाद्या अडकलेल्या सांध्याचा आहे.

पंप चालतो, झाकण पूर्ण वर जातं आणि पंप एकदम बंद होतो: झाकण वर पोचल्याचं उत्तर मॉड्यूलला मिळालेलं नाही, किंवा पुढची कडी सुटल्याचं. ही सगळ्यात जास्त दिसणारी जागा आहे.

सगळं झालं, छत जागेवर बसलं, तरी बटणातला दिवा लुकलुकतोय: शेवटचं कुलूप लागल्याचं उत्तर अडलंय. दिवा लुकलुकत असताना गाडी पळवू नका. छत नुसतं बसलेलं असतं, कडीने धरलेलं नसतं.

आता मुख्य मुद्दा, डिकीच्या बिजागरीतल्या वायरी. जुन्या गाडीत छत मधूनच अडत असेल तर मी सगळ्यात आधी इथे पाहतो. या गाडीचं झाकण दोन्ही दिशांनी उघडतं, सामान ठेवायला एका बाजूने आणि छत आत घ्यायला दुसऱ्या बाजूने. झाकणात जाणाऱ्या वायरिंगला या दोन्ही हालचाली सोसाव्या लागतात. तांब्याचे तंतू एकाच जागी हजारो वेळा वाकतात आणि एकेक करून तुटतात. बाहेरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही.

रेडिंगजवळ राहणाऱ्या एका परिचितांची एसएलके २३० कॉम्प्रेसर अशीच होती. एका वर्कशॉपने पंपाचं निदान करून अंदाजपत्रकही दिलं होतं. गाडी पाहताना त्यांना दोन प्रश्न विचारले: नंबर प्लेटचा दिवा नीट लागतो का? डिकीचं सेंट्रल लॉकिंग कधी दगा देतं का? दिवा मधूनमधून विझतो, आणि डिकी कधीकधी कुलूप घेत नाही, असं ते म्हणाले. या गोष्टींचा छताशी काही संबंध असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. पण त्या सगळ्या वायरी एकाच रबरी नळीतून जातात. त्यामुळे छतासोबत डिकीतली दुसरी एखादी गोष्ट बिघडली असेल, तर शोध त्या नळीपासूनच सुरू करायचा.

नळी दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवली. आत आठ-दहा वायरींचा जुडगा, वर कापडी टेप. टेप सोडली आणि प्रत्येक वायर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिली. चांगली वायर ताणली जात नाही, आतलं तांबं तिला धरून ठेवतं. एक तपकिरी वायर मात्र इलास्टिकसारखी लांबली. आत तांबं तुटलं होतं, हाताला लागत होतं ते फक्त प्लॅस्टिक. ती कापून साल काढलं तर तांब्याची दोन टोकं काळी पडलेली, मध्ये काही मिलिमीटरची फट. झाकण एका कोनात असताना ती टोकं एकमेकांना टेकत आणि दुसऱ्या कोनात सुटत. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थ आणि लाल म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम सोपं होतं. अर्थची एक वायर गेली की त्यावर अवलंबून असलेले सगळेच स्विच आणि दिवे एकत्र लहरी होतात. त्यांच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. पंपाला काहीही झालेलं नव्हतं.

या वायरी जोडण्याची रीत महत्त्वाची आहे, कारण बरेच जण तुटल्या जागीच जोड देतात आणि काही महिन्यांत बिघाड परत येतो. वाकणाऱ्या भागात जोड नको. सोल्डर तर मुळीच नको, कारण सोल्डर तंतूंमध्ये झिरपून तेवढा तुकडा कडक करतं आणि त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. वाकणाऱ्या भागाची सबंध लांबी काढून टाका आणि तिथे बारीक तंतूंची, सिलिकॉनच्या आवरणाची लवचीक वायर घाला. जाडी मूळ वायरीइतकी किंवा थोडी जास्त. जोड दोन्ही टोकांना, नळीच्या बाहेर, जिथे वायर हलत नाही तिथे. चांगल्या पकडीने क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडा, आणि वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा. सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नका, मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठ होते. पुन्हा कापडी टेप गुंडाळा, तीही सैलसर. ट्रिम, म्हणजे आतलं आच्छादन, बसवण्याआधी झाकण दोन्ही दिशांनी हाताने उघडून पाहा, वायर कुठे ताणली किंवा चिमटली जात नाही ना. एक वायर तुटलेली सापडली की बाकीच्याही त्याच वयाच्या आणि तितक्याच वाकलेल्या असतात. मी सगळ्या एकदमच बदलतो.

बिजागरीत काही सापडलं नाही तर मग व्होल्टेज ड्रॉपची चाचणी, म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते मोजणं. इथे मीटर फसवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला, १२.५ व्होल्ट दिसले आणि तुम्ही म्हणालात, पुरवठा ठीक आहे. पण डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी त्यावरून मीटरला १२.५ व्होल्ट दिसतात. पंपाने ३० अँपिअर मागितले की तो तंतू उघडा पडतो. हिशोब सोपा आहे: वाटेत फक्त ०.१ ओहम रोध असेल तर ३० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. पंपाला उरतात साडेनऊ, आणि ०.१ ओहम साध्या मीटरच्या ओहम-मापात धड दिसतही नाही.

म्हणून मोजायचं ते पंप चालत असताना, कनेक्टर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन घालून. काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार पंपाच्या अर्थ पिनला लावा. छत चालवा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर अर्थ खराब: बॉडीवरचा बोल्ट सोडा, खालचा पत्रा घासून उघडा करा, पुन्हा आवळा, वर गंजरोधक ग्रीस लावा. मग दुसरी बाजू. एक तार बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी पंपाच्या धन पिनला. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर एकेक टप्पा मागे या: कनेक्टर, रिलेचा सॉकेट, फ्यूजचा होल्डर. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी मारतो तिथे बिघाड आहे. रिलेचे संपर्क जळून काळे झालेले बऱ्याचदा सापडतात. त्याच प्रकारचा दुसरा रिले लावून पाहणं हा स्वस्त प्रयोग आहे, फक्त पायांची मांडणी आणि अँपिअरची क्षमता जुळायला हवी.

हे सगळं ठीक असेल आणि पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज, करंटसह, पोचत असूनही तो फिरत नसेल, तेव्हाच पंपाची मोटर खराब म्हणायची. मोटरच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारल्यावर तो फिरू लागला तर ब्रश झिजलेत, हे जवळपास नक्की. सुरुवातीला म्हटलेला अपवाद तो हाच. एक सूचना: चाचणीच्या भरात सारखं बटण दाबत राहिलं तर मोटर तापते, आणि बऱ्याच पंपांना तापल्यावर बंद होण्याचं संरक्षण असतं. मग नवाच बिघाड झाल्यासारखं वाटतं. मध्ये थांबा, गार होऊ द्या.

वायर टोचून मोजायची सवय सोडा. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी तिथेच हिरवा गंज मिळतो. टेस्ट लॅम्प पंपाच्या जाड वायरींवर उत्तम, २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो आणि कच्चा जोड लगेच दाखवतो. पण तोच दिवा स्विचकडून मॉड्यूलकडे जाणाऱ्या बारीक वायरींना लावू नका, मॉड्यूल जळू शकतं. आणि पिवळ्या कनेक्टरांना हात नको, ते एअरबॅगचे असतात.

मायक्रोस्विच, म्हणजे मॉड्यूलला उत्तरं देणारे ते छोटे स्विच, तपासायला मीटर ओहमवर ठेवा, स्विचचा कनेक्टर काढा आणि बोटाने दाबा. दाबल्यावर एक ओहमच्या आत, सोडल्यावर पूर्ण उघडा, असं हवं. आकडा नाचत असेल किंवा दहा-वीस ओहम दाखवत असेल तर आतला संपर्क काळा पडलाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काही काळ चालतो. गंज सोडवायचं तेल मारू नका, ते धूळ धरून ठेवतं. मला विचाराल तर स्विच बदलावाच, किंमत फारशी नसते आणि तिथपर्यंत पोचायची मेहनतच जास्त असते. काही वेळा स्विच उत्तम असतो, पण त्याला दाबणारा भाग तिथपर्यंत पोचत नाही. रबरी टेकू झिजलेला असतो किंवा कडी थोडी सरकलेली असते. हालचाल पूर्ण थांबल्यावर झाकणावर वरून तळहाताने दाब दिला आणि दिवा विझला, तर वायरिंग सोडा आणि कडीची जागा सारखी करा. नव्या गाड्यांत या जागी हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचं ओळखणारे) असतात, त्यांना बहुतेक वेळा तीन वायरी असतात. त्यांची तपासणी ओहमने होत नाही. त्यांना वीज दिलेली असतानाच तिसऱ्या वायरीवरचा व्होल्टेज बदलतो का ते पाहावं लागतं.

पाणी हा वेगळाच शत्रू आहे. एसएलकेत पंप डिकीच्या तळाशी, स्टेपनीजवळ असतो. डिकीचं रबर कडक झालं की पाणी आत येऊन स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं, आणि पंपाचे कनेक्टर त्या दमट हवेत महिनोन्महिने राहतात. स्टेपनी काढून खाली हात फिरवा, ओल असेल तर आधी ती कुठून येते ते शोधा. २००२ ते २००८ दरम्यान बनलेल्या पहिल्या बीएमडब्ल्यू झेड४ मध्ये तर छताची मोटर पाणी वाहून नेणाऱ्या पोकळीच्या तळाशी बसवलेली आहे. झाडाखाली उभी केली, पानांनी निचऱ्याचं भोक बुजलं की मोटर पाण्यात बुडते. त्या गाडीचे बरेच मालक नवी मोटर बसवताना ती उचलून डिकीत घेतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. पुण्या-मुंबईत कुणाकडे अशी गाडी असेल तर पावसाळ्याचे चार महिने छत मिटूनच असतं. त्या काळात निचऱ्याची भोकं साफ ठेवा, बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर) लावा आणि कोरडा दिवस मिळाला की छत एकदा पूर्ण उघडून मिटवा, म्हणजे स्विचचे संपर्क घासले जाऊन स्वच्छ राहतात. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का हेही पाहा. उभ्या गाडीत त्यांना निवांत जागा मिळते.

आता जरा अवघड जागा. आर१७० मध्ये के४० नावाचा एकत्रित रिलेचा डबा आहे. एका सर्किट बोर्डवर बरेच रिले, आणि त्यांचे सोल्डर जोड उष्णतेने कालांतराने तडकतात. छताबरोबर गाडी चालू व्हायला कुरकुरतेय, भलतेच इशाऱ्याचे दिवे लागतायत, अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या तक्रारी एकदम सुरू झाल्या तर हा डबा उघडून पाहा. रिलेच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसते, भिंगाखाली स्पष्ट. नीट हात बसलेला माणूस ते जोड पुन्हा सोल्डर करून देतो आणि डबा चांगला चालतो. इथे मात्र सोल्डरच हवं, कारण इथे काही वाकत नाही.

छताचं मॉड्यूल स्वतः खराब होणं क्वचित. ते बदलण्याचा विचार करण्याआधी स्कॅनर लावा, पण योग्य स्कॅनर. बाजारात मिळणारा साधा ओबीडी रीडर (गाडीचे बिघाड-कोड वाचणारं यंत्र) फक्त इंजिनचे कोड वाचतो, छताचं त्याला काही कळत नाही. या गाडीत बॉनेटखाली ३८ पिनांचा गोल सॉकेट आहे. त्याला जोडता येणारं आणि मर्सिडीजची वेगवेगळी मॉड्यूलं वाचणारं यंत्र लागतं. अशा माणसाकडे गेलात तर नुसता फॉल्ट कोड विचारू नका. छताच्या स्विचांची चालू स्थिती यंत्राच्या स्क्रीनवर दाखवायला सांगा. मग त्याने स्क्रीन पाहत राहायचं आणि तुम्ही डिकीचं कुलूप, सामानाचा पडदा, कडी एकेक करून हाताने हलवायचं. जो स्विच हलवूनही स्क्रीनवर बदलत नाही, त्याची वायर किंवा तो स्वतः. बिजागरीतली नळी हलवताना एखादी स्थिती लुकलुकली तर आणखी शोधायची गरजच नाही. फॉल्ट कोड कोणत्या परिपथात अडलं एवढंच सांगतो, पंप खराब की वायर तुटली हे तो सांगत नाही, आणि बरेच अनावश्यक पंप याच गैरसमजातून बदलले जातात.

पंप जोरात ओरडतोय आणि छत संथ झालंय, किंवा विंडस्क्रीनच्या वर, सन व्हायझरजवळ तेलाचा डाग दिसतोय, तर बहुधा पुढच्या कडीच्या सिलिंडरचं सील गेलंय. त्यात विजेचा काही दोष नाही. ते सिलिंडर काढून नवी सीलं टाकून मिळतं. टाकीत तेल भरताना मर्सिडीजने छतासाठी सांगितलेलंच भरा, ब्रेक ऑइल किंवा दुसरं काही नाही, सीलं फुगतात.

आणि एक शॉर्टकट मुद्दाम सांगतो, कारण तो फार जण सुचवतात: पडद्याचा स्विच वायरने कायमचा जोडून टाकायचा, म्हणजे पडदा लावायची कटकट नको. चाचणीपुरता, डिकी रिकामी करून, एकदा करा आणि लगेच काढा. तो स्विच नसेल तर छत डिकीतल्या बॅगेवर पूर्ण ताकदीने येतं. बॅग दबते तेव्हा मागची काच किंवा सांध्याचा दांडा वाकतो, आणि आर१७० चे छताचे सांधे आता सहज मिळत नाहीत.

रस्त्यातच अडकलात तर गाडीच्या पुस्तकातली हाताने छत बंद करायची कृती आधी घरी एकदा करून पाहिलेली असावी. त्यासाठीची चावी टूलकिटमध्ये असते. जुनी गाडी घेताना ती आहे का ते तिथेच उघडून पाहा, बऱ्याच गाड्यांतून ती केव्हाच गायब झालेली असते.